मित्रेचा न जन्मलेला मुलगा

खानापूर तालुक्यातल्या नंदगडमध्ये संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे आणि समाधीपाशी वडाचं झाड आहे. कित्तूरसाठी लढलेल्या रायण्णाला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 रोजी याच गावात फाशी दिलं. वड त्याच्या एका सोबत्याने लावला, असं सांगतात. मूल होत नसलेली जोडपी इथे येतात, रायण्णासारखा मुलगा मागतात आणि झाडाला पाळणा बांधतात. नवस कधी मराठीत बोलला जातो, कधी कन्नडमध्ये.

ज्यांना मूल झालं त्यांच्या गोष्टी चार गावांत पोचतात. ज्यांना झालं नाही ते पुन्हा येऊन तसं सांगत नाहीत, आणि त्यांना कुणी विचारतही नाही. त्यामुळे कानावर येतं ते सगळं एकाच बाजूचं असतं. या गोष्टी मोजून कुणी नवसाचा गुण ठरवायला बसला तर तो फसेल. पण नवस बोलणाऱ्या बाईने असा हिशेब मांडलेलाच नसतो. इतक्या पाळण्यांमागे इतकी मुलं, असा नियम ती सांगत नाही. ती मागते, शब्द देते, आणि देणं न देणं आपल्या हातात नाही हे जाणून घरी जाते. श्रद्धेवर टीका करणारे पुष्कळदा इथेच घाई करतात. जिने भाकीत केलेलंच नाही, तिचं भाकीत चुकल्याचं ते सिद्ध करत बसतात.

खरा प्रश्न उभा राहतो तो कुणी मागच्या घटना दाखवून पुढचा नियम सांगू लागतो तेव्हा, आणि त्या नियमावर दुसऱ्याने पैसे लावावेत, पेरणी करावी, मुलीचं लग्न ठरवावं असं म्हणतो तेव्हा. मागच्या सगळ्याशी तंतोतंत जुळणारा नियम खरा मानावा का? आज हा प्रश्न सर्वांत जास्त पैशांनिशी विचारला जातो तो शेअर बाजारात. त्याचं सर्वांत बारीक उत्तर मात्र जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात सापडतं.

आधी बाजाराचं पाहू. नंदगडच्या तरुणालाही आता मोबाईलवर डिमॅट खातं उघडता येतं आणि 'फॅक्टर' फंड विकत घेता येतो. फॅक्टर म्हणजे शेअर निवडण्याचा ठरीव निकष. कंपनीच्या पुस्तकी मूल्याच्या मानाने स्वस्त असलेले शेअर घ्या, हा 'व्हॅल्यू'. गेल्या काही महिन्यांत जे चढले तेच घ्या, हा 'मोमेंटम'. नरसिंहन जगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी 1993 साली अमेरिकी बाजाराच्या नोंदींवरून मोमेंटमचा परिणाम दाखवून दिला, आणि तेव्हापासून तो अभ्यासाचा तसाच धंद्याचाही विषय झाला. आपल्याकडे 'निफ्टी 200 मोमेंटम 30' हा निर्देशांक ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाला. त्याची आधारतारीख मात्र 1 एप्रिल 2005 आहे. निर्देशांक जन्मला त्याच दिवशी त्याच्या पाठीशी पंधरा वर्षांचा इतिहास होता, आणि तो मागे वळून मोजलेला होता. त्या पंधरा वर्षांत त्या निर्देशांकावर कुणी पैसे लावले नव्हते. यात लपवाछपवी काही नाही, पद्धत आणि तारखा जाहीर आहेत. पण आलेख पाहणाऱ्याला 2020 च्या अलीकडची आणि पलीकडची रेघ एकसारखीच दिसते. पुरावा म्हणून त्या दोन भागांचं वजन फार वेगळं आहे.

का वेगळं, ते नियम कसा घडतो हे पाहिलं की कळतं. नियम लिहिताना काही आकडे ठरवावे लागतात, त्यांना पॅरामीटर म्हणतात. मोमेंटम मोजायला गेले 3 महिने पाहायचे, 6, 9 की 12? शेवटचा महिना धरायचा की सोडायचा? शेअर 10 घ्यायचे, 20, 30 की 50? यादी दर महिन्याला बदलायची, तिमाहीला की सहामाहीला? ज्याचा भाव फार वरखाली होतो त्याचे गुण कापायचे की नाही? एवढ्या पाच प्रश्नांतून 192 वेगवेगळे नियम तयार होतात. संगणक ते सगळे जुन्या भावांवर चालवून दाखवतो. यालाच बॅकटेस्ट म्हणतात. जो नियम सर्वांत वर येतो तो माहितीपत्रकात जातो, उरलेले 191 कुणाला दिसत नाहीत.

आता समजा, हे सगळे नियम मुळात निरुपयोगी आहेत. निरुपयोगी नियम 100 पैकी 5 वेळा निव्वळ योगायोगाने पार पडेल, अशी नेहमीची कसोटी लावली तरी 192 मधले 10 च्या आसपास नियम 'सिद्ध' होतील. निवडलेला नियम बाजाराचा स्वभाव सांगतो आहे की त्या पंधरा वर्षांतले अपघात पाठ करून बसला आहे, हे त्याच पंधरा वर्षांकडे पुन्हा पाहून कळायला मार्ग नाही. याला ओव्हरफिटिंग म्हणतात. अंगावरच टाचून शिवलेल्या अंगरख्यासारखा हा नियम असतो. उभं राहिलं की सुरेख दिसतो, हात वर केला की काखेत उसवतो.

हे नुसतं भय दाखवणं नाही. डेव्हिड बेली, जोनाथन बॉर्विन, मार्कोस लोपेझ द प्राडो आणि चिजी झू या चौघांनी 2014 साली गणिताने दाखवलं की, हातात पाच वर्षांचे आकडे असतील तर सुमारे 45 स्वतंत्र नियम तपासल्यावर त्यांतला एखादा चांगला निघणं जवळजवळ ठरलेलंच असतं. जोखमीच्या मानाने परतावा मोजणारं शार्प गुणोत्तर तेवढ्यात 1 पर्यंत पोचतं, आणि त्या नियमाचा खरा गुण शून्यही असू शकतो. कॅम्पबेल हार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली अर्थशास्त्राच्या साहित्यातले 316 फॅक्टर मोजले आणि त्यांतले बरेचसे दावे बहुधा खोटे असावेत, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी मॅक्लीन आणि पॉन्टिफ यांनी 97 प्रसिद्ध फॅक्टरांचा पुढचा प्रवास तपासला. ज्या काळाच्या आकड्यांवर ते शोधले गेले तो काळ संपताच त्यांचा परतावा 26 टक्क्यांनी उतरला होता, आणि शोधनिबंध छापून आल्यावर 58 टक्क्यांनी.

आता न्यायशास्त्राकडे वळू. तिथे एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. मित्रा नावाच्या बाईला बरीच मुलं आहेत, सगळी सावळी. ती पुन्हा गरोदर आहे. पोटातलं मूलही सावळंच होणार, कारण तेही मित्रेचंच मूल. हे अनुमान बरोबर आहे का?

नैयायिक म्हणतात, नाही. आजवरच्या एकाही मुलाने नियम मोडलेला नाही, तरीही नाही. 'मित्रेचं मूल असणं' आणि 'सावळं असणं' यांच्यात एक तिसरी गोष्ट दडलेली असू शकते, तिला ते उपाधी म्हणतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे आईने गरोदरपणात पालेभाजी भरपूर खाल्ली की मूल सावळं होतं. या खेपेला तिने दूधतूप खाल्लं असेल तर मूल गोरं होईल. आजचं जीवशास्त्र हे कारण मानणार नाही, पण दोष शोधण्याची रीत अचूक आहे. मागचे सगळे दाखले एकाच परिस्थितीत घडले असतील तर त्यांचं एकमत कितीही मोठं असलं तरी ते एकाच दाखल्याइतक्या किमतीचं. आणि शास्त्रकारांनी मूल पोटात ठेवलं, यात त्यांची खरी दृष्टी दिसते. जन्मलेल्या मुलांवर नियम तपासून घेणं सोपं आहे. परीक्षा व्हायची ती ज्याला अजून कुणी पाहिलेलं नाही त्याच्यावर.

दुसरं उदाहरण याहून करडं आहे. मातीपासून झालेली प्रत्येक वस्तू लोखंडाने ओरखडता येते, असं शेकडो वेळा पाहिलं, आणि मग हिरा समोर आला: तोही मातीतलाच, पण लोखंडाने ओरखडत नाही. चौदाव्या शतकाच्या आसपास मिथिलेत झालेल्या गंगेशाने 'तत्त्वचिंतामणी'त यावरून ठरवून टाकलं की पुन:पुन्हा पाहणं, म्हणजे भूयोदर्शन, हे नियमाचं प्रमाण होऊ शकत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत, आणि त्यांची फारकत कुठेही आढळलेली नसली पाहिजे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, जुळणी मोजत बसण्यापेक्षा फारकत कुठे सापडते ते हिंडून शोधावं. बॅकटेस्ट करणारा नेमकं याच्या उलट करतो. फारकत दिसली की तो पॅरामीटर हलवतो, आणि फारकत नाहीशी होते. भीमाचार्य झळकीकरांच्या 'न्यायकोशा'त या संज्ञा आजही शोधता येतात. शेअर बाजाराचा अभ्यास करणाऱ्या मराठी तरुणाने तो ग्रंथ एकदा तरी हातात घ्यावा.

चार्वाकाने तर अनुमानच नाकारलं. पुढचं कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा नियम म्हणून काही सांगताच येत नाही, असं त्याचं म्हणणं. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचं उत्तर व्यवहाराचं आहे. भूक लागल्यावर तूही अन्नाकडेच जातोस. तुझी शंका तुझ्याच वागण्याशी विसंगत होते तिथे ती थांबली पाहिजे. शेतकरी पेरणी थांबवू शकत नाही, आणि पेन्शन नसलेला माणूस गुंतवणूक थांबवू शकत नाही. नियम हवाच. कोणता, एवढाच प्रश्न.

या प्रश्नाची मराठी मुलखातली सर्वांत मोठी परीक्षा झाली ती पावसाच्या अंदाजात.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि नंदगडच्या बाजूची भातशेती पावसावर उभी आहे. पाऊस लागण्याआधी कोरड्या जमिनीत बी टाकायचं, याला इथे धूळवाफ पेरणी म्हणतात. बी मातीत गेलं की शेतकऱ्याने भविष्यावर पैसे लावलेले असतात. त्याच्या घरातलं पंचांग त्याला सूर्य नक्षत्रात शिरताना पावसाचं वाहन कोणतं ते सांगतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून 9 ने भागायचं आणि बाकी पाहायची. या गणितात हलवता येईल असा एकही आकडा नाही, त्यामुळे त्याच्यावर ओव्हरफिटिंगचा आरोप करता येत नाही. पण ते कशातून शिकतही नाही. मागच्या पन्नास वर्षांत बेडूक आणि मोर कितीदा कोरडे गेले, याचा त्या गणितावर काही परिणाम होत नाही. जुळवून घेण्याची भीती वाटून कुणी पंचांगाकडे परतला तर त्याने एक दोष टाकून दुसरा पत्करला.

हवामान खात्याने दुसरी वाट धरली. 1899 साली जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता आणि त्या वर्षी भयंकर दुष्काळ पडला. त्यांच्यानंतर 1904 साली केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या हवेचा दाब, तापमान, बर्फ यांचे आकडे घेऊन कशाचा भारताच्या पावसाशी संबंध लागतो ते त्यांनी शोधायला घेतलं. हे करताना त्यांना एक गोष्ट उमगली, आणि ती त्यांनी 1914 साली खात्याच्या नोंदींमध्ये छापली. पन्नास संबंध तपासून त्यांतला सर्वांत मोठा निवडला, तर त्याची तुलना एकट्या संबंधाशी करून चालणार नाही. पन्नास निरर्थक संबंधांतला सर्वांत मोठा योगायोगाने केवढा येईल, त्याच्याशी केली पाहिजे. ज्या इशाऱ्यासाठी आजचे वित्तशास्त्रज्ञ एकमेकांचे दाखले देतात, तो भारतातल्या पावसाच्या निमित्ताने शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी देऊन झाला होता.

वसंत गोवारीकर पुण्याचे. इस्रोत अग्निबाणांच्या इंधनावर त्यांनी काम केलं, पुढे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले. 1987 च्या दुष्काळानंतर त्यांनी थपलियाल आदी सहकाऱ्यांबरोबर पावसाच्या अंदाजाचं नवं प्रारूप उभं केलं. त्यात 16 घटक होते: हिमालयातलं बर्फ, एल निनो, दूरदूरच्या ठिकाणांचे दाब, वरच्या थरांतले वारे, तापमान. प्रत्येक घटकाला स्वतःचा गुणक आणि स्वतःचा घात. 1988 पासून हवामान खातं त्यावर अंदाज देऊ लागलं, आणि चुकीची मर्यादा सांगितली जात होती अधिकउणे 4 टक्के. 1988 ते 2001 या चौदा वर्षांत देशभराचा दुष्काळ पडला नाही. सोळा घटकांचं प्रारूप घरोघर माहीत झालं. मधल्या काळात काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध क्षीण झाला आणि ते बदलावे लागले.

2002 साली अंदाज होता सरासरीच्या 101 टक्के. पडला 81 टक्के. पेरणीचा कणा असलेल्या जुलैत सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला, आणि तो मोठा दुष्काळ होता.

गोवारीकरांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. ते प्रामाणिक आणि मोठे वैज्ञानिक होते, आणि त्यांच्या घटकांमागे भौतिक कारणं होती. अडचण संख्येत होती. पाऊस वर्षातून एकदाच मोजला जातो, तेव्हा तीनचार दशकांच्या नोंदी म्हणजे तीसचाळीस आकडे. त्यांवर सोळा घटक, सोळा गुणक आणि सोळा घात बसवले की जुन्या वर्षांशी जुळणी सुंदर होणारच. आणि चौदा वर्षांच्या यशाकडे नीट पाहिलं तर त्यातही मित्रेची मुलं दिसतात. दुष्काळाचं वर्षच आलं नव्हतं. दर वर्षी 'पाऊस सर्वसाधारण' असं डोळे मिटून सांगणाराही त्या काळात मोठ्या चुकीपासून वाचला असता. ज्या वर्षी नियमाची परीक्षा व्हायची ते वर्ष 2002 होतं.

खात्याने धडा घेतला, हे नोंदवलं पाहिजे. 2003 पासून 8 आणि 10 घटकांची प्रारूपं आली, 2007 पासून आणखी कमी घटकांची. त्यानेही सगळं सुटलं नाही: 2009 साली एप्रिलचा अंदाज 96 टक्के होता आणि पाऊस झाला 78 टक्के. घटक कमी केल्याने भविष्य उघडं पडत नाही. आपल्याला किती कळतं याबद्दलचा खोटा विश्वास तेवढा कमी होतो, आणि धूळवाफ पेरणी करणाऱ्यासाठी तीही लहान गोष्ट नाही. 4 टक्क्यांच्या भरवशावर तो सगळं बी मातीत घालेल. भरवसा तेवढा नाही हे कळलं तर निम्मं घरात ठेवेल.

आता धर्माकडे परत येऊ, कारण नवस बोलणाऱ्या बाईला इथे मोकळं सोडलं असलं तरी धर्माच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाला ती सूट नाही. मूल झालं नाही की कुणीतरी सांगतं, नवसात काही खोट राहिली असेल. मग सांगतं, मागच्या जन्माचं काही असेल. प्रत्येक वेळी एक नवा घटक जोडला जातो आणि नियम पुन्हा मागच्या सगळ्याशी जुळतो. 'त्या वर्षी बाजारच वेगळा होता' म्हणणारा फंड व्यवस्थापक हेच करतो. कर्मसिद्धांताची दोन रूपं आहेत. 'मी जे करीन त्याचा जाब मलाच द्यावा लागेल' असं माणूस स्वतःला सांगतो, तेव्हा तो सिद्धांत वागणूक घडवतो आणि आदराला पात्र असतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून 'हे त्याच्या पूर्वकर्माचं फळ' असं म्हटलं जातं, तेव्हा तोच सिद्धांत असा नियम बनतो की कोणतीही घटना त्याला मोडू शकत नाही. याच तर्काने शतकानुशतकं माणसांना त्यांच्या जन्माचा दोष दिला गेला. असा न मोडणारा नियम काहीच सांगत नसतो, आणि तो अन्यायही करतो.

मोडू शकेल असा दावा समोर ठेवला की काय होतं, ते पुण्यात पाहायला मिळालं. 2008 साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार विद्यार्थी आणि 100 मतिमंद मुलं अशा 200 जणांच्या कुंडल्या जमवल्या. कुंडली कोणत्या गटातली हे ज्योतिषाने ओळखायचं. प्रत्येकाला 40 कुंडल्या, आणि 28 बरोबर आल्या तर दावा मान्य, हे आधीच ठरलेलं होतं. 27 ज्योतिषांनी उत्तरं दिली. सरासरी 46 टक्के आली, नाणं उडवून येईल त्याहून किंचित कमी. सगळ्या 200 कुंडल्या घेणाऱ्या एका संस्थेला 102 बरोबर सांगता आल्या. या चाचणीची थोरवी निकालात कमी आणि क्रमात जास्त आहे. कसोटी आधी लिहिली गेली, उत्तरं दोन्ही बाजूंपासून झाकून ठेवली गेली, आणि मगच कुंडल्या उघडल्या. माहीत असलेल्या माणसाची कुंडली समोर ठेवून कोणताही ज्योतिषी तिच्यात त्याचं आयुष्य दाखवतो. तो ज्योतिषाचा बॅकटेस्ट झाला.

इथे ओव्हरफिटिंगचं मूळ उघडं पडतं. ते गणितातलं अज्ञान नाही, कारण उत्तम गणित येणारी माणसं त्यात सापडतात. ते फळाच्या ओढीतून येतं. 12 महिन्यांऐवजी 11 महिने धरले की आलेख आणखी सरळ होतो, हे ज्याने पाहिलं त्याचा हात थांबत नाही, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की आपण सत्याच्या जवळ चाललो आहोत. गीतेने फळाची आसक्ती कर्माच्या संदर्भात सांगितली. जाणण्याच्या संदर्भातही ती तितकीच लागू आहे. ज्याला निकाल आधीच हवा आहे त्याच्या बुद्धीने दिलेली साक्ष कमजोर असते, मग तो निकाल मोक्षाचा असो की नफ्याचा.

यावर बुद्धिवादाचं नेहमीचं उत्तर असतं: तटस्थ राहा. पण तटस्थ राहीन म्हटल्याने कुणी तटस्थ होत नाही. सीमाभागातली एक जुनी धर्मपरंपरा यावर अधिक व्यवहारी आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यात दिगंबर जैन समाज मोठा आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवं बळ देणारे आचार्य शांतिसागर निपाणीजवळच्या भोजच्या परिसरातले. या परंपरेत गृहस्थाच्या अणुव्रतांमध्ये परिग्रहाची मर्यादा घालण्याचं एक व्रत आहे. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त त्याला इच्छापरिमाण असंही म्हटलं आहे. जमीन, सोनं, धान्य किती ठेवायचं याचा आकडा गृहस्थ आधी ठरवतो, बहुधा गुरूसमोर. पुढे व्यापार वाढला, मोह झाला, तरी आकडा हलत नाही. माणसाची इच्छा नाहीशी होईल अशी अपेक्षा या व्रतात नाही. इच्छा जागी होण्याच्या आधी तिला कुंपण घालायचं, आणि ते कुंपण दुसऱ्या कुणाला माहीत असू द्यायचं.

पॅरामीटर ठरवण्याची सगळी चांगली शिस्त याच जातीची आहे. नियमामागचं कारण आधी लिहायचं आणि आकडे नंतर पाहायचे. घटक थोडे ठेवायचे आणि त्यांची संख्या सुरुवातीलाच बांधून टाकायची. नोंदींचा शेवटचा तुकडा, समजा गेली पाच वर्षं, बाजूला ठेवायचा आणि एकदाच उघडायचा. तो पाहून पुन्हा आकडे हलवले तर तोही वापरलेला झाला, आणि व्रत मोडलं. 6 महिन्यांचा नियम चांगला चालत असेल तर 5 आणि 7 महिन्यांचाही बऱ्यापैकी चालला पाहिजे. शेजारचे आकडे कोसळत असतील तर 6 हा योगायोग आहे. एका बाजारात सापडलेला नियम दुसऱ्या देशाच्या बाजारात लावून पाहायचा, म्हणजे उपाधी असेल तर ती उघडी पडते. दलाली, कर आणि खरेदीविक्रीतला भावफरक वजा करायचे. आणि किती नियम तपासले त्याची वही ठेवायची. यांत सर्वांत कठीण ही शेवटची गोष्ट आहे, कारण फसलेले प्रयोग लिहून ठेवायला कुणालाच आवडत नाही.

ही वही खाजगी बाब नाही. संशोधकाने स्वतःच्या पैशांवर स्वतःला फसवलं तर तो त्याचा प्रश्न. पण माहितीपत्रकातला आलेख पाहून निपाणीचा तंबाखू व्यापारी किंवा खानापूरची निवृत्त शिक्षिका पैसे गुंतवते, तेव्हा टाकून दिलेले 191 नियम त्यांच्यापासून लपवणं हे असत्यच आहे, मग छापलेला प्रत्येक आकडा खरा का असेना. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 2 सप्टेंबर 2022 च्या परिपत्रकाने अल्गो, म्हणजे संगणकाने आपोआप खरेदीविक्री करणारे नियम, विकणाऱ्या दलालांना मागच्या किंवा अपेक्षित परताव्याचा उल्लेख करण्याची मनाई केली, ते योग्यच झालं. 2024 साली सेबीनेच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला, आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त होता. सगळा तोटा ओव्हरफिटिंगचा नाही, पण त्यांतल्या कितीतरी जणांना कुणीतरी मागचा सुंदर आलेख दाखवला असणार.

आलेखावर बंदी घालण्याखेरीज आणखी एक साधी गोष्ट करता येईल. मागे मोजलेला परतावा जिथे जिथे दाखवला जातो, तिथे त्याच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत दोन आकडे छापणं सेबीने सक्तीचं करावं: हा नियम निवडण्याआधी किती नियम तपासले, आणि नियम ठरल्यानंतरचा काळ नेमका किती. तोवर वाचकाने हे दोन प्रश्न फंड विकायला आलेल्या माणसाला लेखी विचारावेत, आणि उत्तर आकड्यांत आल्याशिवाय चेकवर सही करू नये.